आबांचा एकोणिसावा मसुदा

आबांनी जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. चहा घ्यायचे, पण अर्धा कप, आणि तोही साखर विरघळली की नाही हे चमचा उचलून पाहिल्यावर. असा हा माणूस दिवसातून निदान चार वेळा गांजाचा विषय काढायचा. ऑफिसच्या जिन्यात, बँकेच्या रांगेत, साखरपुड्याच्या पंगतीत, जिथे असेल तिथे, आणि आवाज जराही खाली न आणता. अनोळखी माणसं दचकून बघायची. ओळखीची माणसं घड्याळाकडे बघायची.

मी धुळ्याला नोकरीला लागले तेव्हा ते आमच्या कार्यालयात हेडक्लार्क होते. दारूच्या दुकानांचे, ताडीचे, औषधांना लागणाऱ्या स्पिरिटचे परवाने देणारं आमचं खातं. मी नशिराबादची, परीक्षा देऊन नव्याने लागलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला तीनच गोष्टी विचारल्या. नाव काय, गाव कोणतं, आणि राज्य सरकारला गांजाच्या लागवडीचा परवाना देता येतो का. मी म्हटलं, नाही. त्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, जणू मी त्यांना पेढ्यांचा पुडा दिला होता. खाकी कव्हर घातलेलं कायद्याचं पुस्तक त्यांनी ड्रॉवरमधून काढलं, एका कलमावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "देता येतो, मॅडम. देत नाहीत, ही वेगळी गोष्ट."

ते कलम ऐकता ऐकता त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला.

मला पुढे कळलं की हा प्रश्न ते प्रत्येक नव्या माणसाला विचारतात आणि उत्तर चुकलं की त्यांचा आठवडा चांगला जातो. एकदा एका शिपायाने आधीच चौकशी करून बरोबर उत्तर दिलं, तर आबा दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नव्हते.

या सगळ्याच्या मुळाशी एक मसुदा होता. डोंगराळ भागात भांग-गांजाची लागवड, तिचा परवाना, तिच्यावरचा कर आणि त्या कराचा विनियोग, असं त्याचं लांबलचक नाव. मी आले तेव्हा तो अकराव्यांदा लिहून झाला होता. कागद वाया घालवायचा नाही म्हणून आबा तो ऑफिसातल्या रद्दी कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचे. वाचून दाखवताना भरात आले की पान उलटण्यात घोटाळा व्हायचा. मग गंभीर आवाजात, "वसूल झालेल्या करातील निम्मा हिस्सा त्याच गावाच्या शाळेसाठी व दवाखान्यासाठी," इथपर्यंत येऊन पुढे, "फुटलेल्या खिडकीस काच बसविणेबाबत," असं निघायचं. ऐकणारे हसायचे. आबा शांतपणे पान परत फिरवायचे आणि हिस्सा पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

मसुदा मात्र गमतीचा नव्हता. औषधासाठी आणि वाखासाठीच, म्हणजे दोराच्या धाग्यासाठीच, लागवड, ओढायला नाही. सगळा माल सरकारनेच घ्यायचा, जसं मध्य प्रदेशात मंदसौरकडे अफूचे पट्टे, म्हणजे लागवडीचे परवाने, देऊन सरकार अफू घेतं. परवाना कसणाऱ्याच्याच नावावर, तो विकायचा नाही, भाड्याने द्यायचा नाही. आणि कर शेताच्या बांधावर घ्यायचा नाही, शेवटच्या दुकानात घ्यायचा. यावर ते फार ठाम होते. बांधावर वजनकाटा नेला की काट्याबरोबर माणूस जातो, माणूस गेला की त्याचं जेवण आलं, आणि जेवण आलं की वजन बदलतं, असं ते सांगायचे. आमच्या खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं म्हणणं होतं ते. त्यावर कोणी हसत नसे.

मंदसौर त्यांनी स्वतः पाहिलं होतं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पशुपतिनाथाच्या दर्शनाला म्हणून ते अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, घेऊन गेले. दर्शन सकाळी आठलाच आटोपलं. उरलेले अडीच दिवस अक्का अफूच्या शेतांच्या कडेला सावलीत पिशवी घेऊन बसल्या आणि आबा शेतकऱ्यांना विचारत फिरले की पट्टा कोणाच्या नावावर आहे, बापाच्या की कसणाऱ्या लेकाच्या. अक्का आम्हाला सांगायच्या, "लोक बायकोला काश्मीर दाखवतात. फुलं मात्र पांढरीशुभ्र होती हो, खोटं कशाला बोलू." आणि पुढे म्हणायच्या की सवत असती तर तिला चार शब्द तरी सुनावता आले असते, या झाडाशी कसं भांडायचं.

हे वेड आलं कुठून, हे आबांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी फार मागे लागले म्हणून. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते ताडीच्या टेबलावर होते. परवाना एका दुकानदाराच्या नावावर, झाडावर चढायचा दुसराच. एक दिवस चढणारा पडला आणि गेला. वरून चौकशी आली. आबा तेव्हा कोवळे होते. वरिष्ठांनी सांगितलं तसं उत्तर त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहून पाठवलं. त्यातलं शेवटचं वाक्य होतं: परवानाधारक सुखरूप आहे.

"चुकीचं काही लिहिलं नव्हतं, मॅडम," आबा म्हणाले. "तो खरंच सुखरूप होता. दुकानात बसला होता."

त्यांनी कपातला चमचा उचलून पाहिला आणि विषय बदलला.

आता त्यांच्या अर्जाची गोष्ट सांगते, कारण ती अजूनही आमच्या ऑफिसात नव्या माणसाला आल्याआल्या सांगितली जाते. अकरावा मसुदा आबांनी घरच्या पत्त्यावरून, खाजगी नागरिक म्हणून, मुंबईला पाठवला. पोच आली. मग काही महिने काहीच नाही. एक दिवस आवक टपाल फोडताना माझ्या हातात एक जाड पाकीट आलं. मुंबईहून नाशिकला आणि नाशिकहून धुळ्याला, प्रत्येक टप्प्यावर एकेक शिक्का खात, आबांचा अर्ज आमच्याच कार्यालयात येऊन पडला होता. वर शेरा होता: तपासून अभिप्राय सादर करावा. आमच्या साहेबांनी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात 'हेडक्लार्क' एवढं लिहिलं आणि पाकीट पुढे सरकवलं.

मी आबांना म्हटलं की हे दुसऱ्या कोणाकडे द्या, स्वतःच्या अर्जावर स्वतः अभिप्राय कसा देणार. त्यांनी विचार केला आणि विचारलं की या विषयातलं दुसऱ्या कोणाला काय कळतं. ते खरं होतं. मग त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली, चष्मा पुसला आणि अर्ज उघडला. त्या घडीपासून अर्ज करणारे आबा वेगळे आणि तपासणारे आबा वेगळे झाले. दोन दिवस ते पेन्सिलीने खुणा करत होते. मध्येच त्रासून म्हणाले, "हा माणूस पाल्हाळ फार लावतो." एकदा तर मला बोलावून एक वाक्य दाखवलं आणि विचारलं की यातून तुम्हाला काही अर्थबोध होतो का. मी म्हटलं, नाही. "मलाही नाही," म्हणाले, आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी अभिप्राय लिहिला. अर्जदाराने परवान्यासाठी सातबारा उतारा आवश्यक धरला आहे. परंतु डोंगरात प्रत्यक्ष कसणाऱ्यांपैकी अनेकांच्या नावे सातबारा नसावा. अर्जदाराने जागेवर जाऊन पाहणी केल्याचे दिसत नाही. सबब प्रस्ताव अपरिपक्व असल्याने निकाली काढण्यात यावा. साहेबांनी न वाचता सही केली. उत्तर रजिस्टर टपालाने अर्जदाराच्या घरच्या पत्त्यावर गेलं.

पुढचं अक्कांकडून कळलं. पाकीट आलं तेव्हा आबा घरीच होते. सही करून घेतलं, उभ्याउभ्या वाचलं आणि जेवायच्या ताटावर तसेच बसून राहिले. अक्कांनी विचारलं, काय झालं. म्हणाले की नामंजूर केलं, कुठल्यातरी कारकुनाने. मग ताट पुढे ओढून म्हणाले, "मुद्दा मात्र बरोबर काढलाय."

म्हणून आम्ही डोंगरात गेलो. त्यांनी रीतसर किरकोळ रजा टाकली आणि मला विचारलं की येता का, बायकांशी बोलायला बाईमाणूस बरं. धुळ्याहून शिरपूरपर्यंत एसटी, पुढे काळी-पिवळी जीप. कापूस वेचणीचे दिवस होते. जीपमध्ये आत चौदा माणसं आणि टपावर गाठोडी. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि खिशाला दोन पेनं. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत मसुदा, आता बारावा.

गावाचं नाव सांगत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला अशी गावं पुष्कळ आहेत. आबांना बघून आधी लोकांना वाटलं, शिरगणतीवाले. मग वाटलं, घरकुलाच्या यादीवाले. आबांनी गांजाचं नाव काढल्यावर मात्र कोणालाच काही वाटेनासं झालं. शाळेच्या ओट्यावर दहा-बारा माणसं जमली होती, ती सगळी जमिनीकडे बघू लागली. एका म्हाताऱ्याने फार अदबीने विचारलं की गांजा म्हणजे काय असतं. आबांना ते खरंच वाटलं. त्यांनी दहा मिनिटं त्या म्हाताऱ्याला झाड कसं असतं, पान कसं असतं, कोणत्या महिन्यात उंची किती होते, सगळं हातवारे करून समजावलं. म्हातारा मान डोलावत होता. मागे बसलेली माणसं ओठ दाबून होती. मला हसूही येत होतं आणि त्या म्हाताऱ्याबद्दल आदरही वाटत होता.

मग आबांनी मसुदा वाचायला घेतला. पहिल्या प्रकरणात चार जण उठले, दुसऱ्यात पाच. शेवटी एकच बाई राहिली. गुलीबाई तिचं नाव. साठीची असेल. मक्याची कणसं पुढ्यात घेऊन दाणे काढत बसली होती, आणि वाचन संपेपर्यंत तिने हात थांबवला नाही. संपल्यावर तिने बाजारात बोलतात तशा अहिराणीत विचारलं, "तुमना कागदमा मना पोऱ्या कथा शे?"

तुमच्या कागदात माझा मुलगा कुठे आहे.

हळूहळू आम्हाला तिचं सगळं कळलं. मुलगा सुरसिंग, तिशीतला. बाहेरून एक जण आला, बी देऊन गेला, मक्याच्या मधोमध लावा म्हणाला. नंतर पोलिसांची गाडी आली तेव्हा तो बाहेरचा तिथे नव्हता, सुरसिंग होता. झाडं उपटली, जाळली, आणि त्याला नेलं. तेव्हापासून धुळ्याच्या जेलात होता, खटला अजून उभा राहायचा होता. बाहेरचा माणूस कोण, हे तिने सांगितलं नाही आणि आबांनीही विचारलं नाही.

आबांनी मात्र तिचा प्रश्न जसाच्या तसा घेतला. त्यांनी मसुदा पहिल्या पानापासून चाळायला सुरुवात केली. खरोखरच शोधत होते, ओळीवर बोट फिरवत. मध्ये एका पानावर बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. गुलीबाईने थोडी वाट पाहिली. मग तिने दुसरा प्रश्न विचारला. उद्या सरकारच हे झाड लावायचा कागद लोकांना देणार म्हणता, "मंग मना पोऱ्या घर येई का?"

आबांनी मसुदा मिटून पिशवीत घातला. तिला त्याचा राग आला नाही. कागद मिटून घेणारी माणसं तिने पाहिली असावीत. तिने आम्हाला पाणी दिलं, चुलीत भाजलेलं कणीस दिलं, आणि जीप निघायची वेळ झाली म्हणून स्वतःच उठवलं.

परतीच्या वाटेवर आबांनी शिरपूरपर्यंत गांजाचा विषय काढला नाही. जीपमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने त्यांना स्वतःहून विचारलं की काय काम करता, तरी नाही. मी घाबरले. स्टँडवर उतरल्यावर ते म्हणाले, "मॅडम, कलम चार बघा."

मी पाहिलं. परवान्यासाठी अपात्रता. त्यात पहिलीच ओळ होती की अर्जदारावर अमली पदार्थांचा गुन्हा दाखल झालेला नसावा.

"दारूच्या नियमांतून उतरवलं होतं," ते म्हणाले. "बारा वेळा. दर वेळी सुवाच्य अक्षरात."

धुळ्याची बस लागली होती. ते खिडकीपाशी बसले आणि त्यांनी ती ओळ खोडली. इतकी गिरवून खोडली की पाठीमागच्या बाजूची रद्दी निविदासुद्धा फाटली.

तेराव्या मसुद्यात कलम चार उलटं झालं. याच झाडापायी जो जेलात गेला, किंवा ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला पहिला परवाना. सातबारा नसला तर गावसभेचा दाखला चालेल. आतापर्यंत आबांना हसणारे लोक आता चिडले. आमच्यातल्या एका ज्येष्ठ इन्स्पेक्टरांनी विचारलं की म्हणजे आधी गुन्हा करायचा आणि मग रांगेत पहिला नंबर लावायचा, हे कुठलं गणित. आबांनी प्रश्न कागदावर टिपून घेतला. त्यांना तोंडी उत्तर जमत नसे, लेखी जमायचं.

पण ते उत्तर त्यांनी थंडीत दिलं, आमच्या भरीत पार्टीत. दर वर्षी आम्ही कोणाच्या तरी मळ्यात जायचो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्यांचा जाळ, त्यावर टोपलीभर वांगी, पुऱ्या, कांद्याची पात. वांगी भाजायला मळ्यातला गडी होता. दोन तास धुरात बसून त्याचे डोळे लाल झाले होते. भरीत झालं, पहिलं ताट वाढलं गेलं आणि रिवाजाप्रमाणे साहेबांच्या हातात आलं. साहेबांनी पुरीचा तुकडा मोडला तेवढ्यात आबा उठले, त्यांनी ते ताट साहेबांच्या हातातून काढून घेतलं, जाळापाशी जाऊन त्या गड्यापुढे ठेवलं आणि परत येऊन इन्स्पेक्टरांना म्हणाले, "ज्याच्या डोळ्यात धूर गेला, त्याचं पहिलं ताट. कलम चार."

साहेब हातात पुरीचा तुकडा घेऊन तसेच बसले होते. गडी बिचारा संकोचाने जेवेना, आणि तो जेवल्याशिवाय आबा दुसऱ्या कोणाला जेवू देईनात. भरीत गार झालं. कलम चारला विरोध करणारे त्या दिवशी दुप्पट झाले असतील, पण ते काय आहे हे एकालाही पुन्हा विचारावं लागलं नाही.

निवृत्तीनंतर आबांच्या आयुष्यात एक मोठा दिवस आला. राज्याचं उत्पन्न कसं वाढवावं, कर कुठे सुधारावेत, यावर लोकांच्या सूचना ऐकायला एक समिती जळगावला यायची होती. आबांनी नाव नोंदवलं. प्रत्येकाला तीन मिनिटं. ही तीन मिनिटांची अट ऐकून अक्का पहिल्यांदा मनापासून हसल्या. आबांनी महिनाभर सराव केला. अक्का कुकर लावायच्या, आबा पहिल्या शिट्टीला सुरू करायचे. तिसऱ्या शिट्टीपर्यंत त्यांची प्रस्तावना संपत नसे.

आदल्या दिवशी ते मुक्कामाला जळगावजवळच्या नशिराबादला आमच्या घरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर गुलीबाई होती. मधल्या काळात ते तिच्याकडे चार-पाचदा जाऊन आले होते, हे मला तेव्हा कळलं. माझ्या आईने तिला स्वयंपाकघरात बसवलं. दोघी अहिराणीत बोलत बसल्या, आणि आबा ओसरीवर कागद लावत बसले. सकाळी बसमध्ये त्यांनी मला सांगितलं की बोलणार गुलीबाई, ते फक्त मराठीत सांगणार. मला वाटलं, माईक हातात आल्यावर बघू.

सभागृहात डाळमिलवाले, सराफ, कापडवाले, सगळे आपापल्या कराचं गाऱ्हाणं घेऊन आले होते. आबांचं नाव पुकारलं गेलं. ते गुलीबाईला घेऊन पुढे गेले. तिने माईककडे पाहिलंच नाही, थेट अध्यक्षांकडे बघून बोलली. आम्ही मका लावतो तेव्हा कोणी येत नाही. कापूस लावतो तेव्हा व्यापारी येतो. हे झाड लावलं तेव्हा गाडी आली आणि माझा मुलगा घेऊन गेली. आता तुम्हीच ते लावून पैसा करायचा म्हणता, तर करा. पण आधी माझा मुलगा आत का आहे, ते मला सांगा.

आबा वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत होते. एक शब्द जास्तीचा नाही, एक कमी नाही. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं की या योजनेतून साधारण उत्पन्न किती अपेक्षित आहे. आबांना सगळे आकडे तोंडपाठ होते, तिन्ही अंदाज, कमी, मध्यम आणि भरघोस. त्यांनी गुलीबाईला विचारलं, तुला याचं काही सांगायचं आहे का. तिने नाही म्हणून मान हलवली. आबा माईकपाशी वाकून म्हणाले, "बाईंचं बोलून झालं."

आणि दोघं खाली येऊन बसले. घड्याळात एक मिनिट शिल्लक होतं. आबांनी एक मिनिट न वापरता परत केलं, हे मी ऑफिसात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना.

समितीचा अहवाल आला. त्यात गांजाचं नाव नव्हतं. आबांनी तो पूर्ण वाचला, शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि त्यांची यादी समितीला पाठवली.

त्यानंतर काही महिन्यांनी सुरसिंगचा खटला निकाली लागला आणि तो सुटला. सुटला कशामुळे, तर झाडं जिथे सापडली ते शेत त्याच्या ताब्यात होतं हे सिद्ध होईना. सातबाऱ्यावर त्याचं नावच नव्हतं. ज्या उताऱ्यावाचून त्याला कुठला परवाना मिळाला नसता, तो उतारा नसल्यामुळेच तो घरी आला. मात्र त्यात त्याची तीन वर्षांहून जास्त गेली होती.

तो आईबरोबर धुळ्याला आबांना भेटायला आला तेव्हा मीही तिथे होते. रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस, खुर्चीच्या कडेवर बसलेला. आबा इतके खूश होते की त्यांनी स्वतः चहा करायला घेतला, आणि अक्कांना तो ओतून देऊन पुन्हा करावा लागला. मग त्यांनी अठरावा मसुदा आणला आणि सुरसिंगला कलम चार वाचून दाखवलं. सावकाश, एकेक शब्द. हा कायदा झाला की पहिला परवाना तुझा, असं म्हणून त्यांनी मान वर केली.

सुरसिंगने नीट ऐकून घेतलं होतं. तो म्हणाला, "आबा, माले ते झाड नही लावनं."

त्याला ते पान घराच्या आसपास नको होतं. फुकट दिलं तरी नको, सरकारने दिलं तरी नको. हे त्याने फार नम्रपणे सांगितलं, जसं कोणी पंगतीत आणखी जिलेबी नको म्हणतो. स्वयंपाकघरात अक्कांना हसू आवरेना. मी आबांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे त्याला कलम समजावणार. किंवा रुसणार.

आबांनी मसुदा मांडीवर पालथा ठेवला. फुटलेल्या खिडकीची बाजू वर आली. इतक्या वर्षांत त्यांनी डोंगरातल्या लोकांना काय द्यावं याची पानंच्या पानं लिहिली होती. आता ते म्हणाले, "मंग तुले काय पाहिजे?"

सुरसिंगला ट्रॅक्टर चालवायचा होता. चालवता यायचा, लायसन नव्हतं. शिरपूरला एक बियाणेवाले शेठ त्याला ठेवायला तयार होते, पण लायसन आणलंस तरच, म्हणाले होते.

पुढचे दोन महिने आबा त्याच्या मागे लागले. आश्रमशाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव एक होतं, आधारकार्डावर दुसरं, आणि जन्मतारीख दोन्हीकडे निराळी. आबांना असं काम म्हणजे पर्वणीच. त्यांनी प्रतिज्ञापत्रं केली, शाळेत जाऊन जुनं रजिस्टर काढायला लावलं. परीक्षेसाठी रस्त्यावरच्या खुणांचे पुठ्ठे करून त्याला पाठ करायला लावले. अक्का सांगतात की त्या दिवसांत आबांनी स्वयंपाकघराच्या दारावर 'प्रवेश बंद'चा पुठ्ठा टांगून ठेवला होता, कारण ती खूण त्याच्या लक्षात राहत नव्हती. लायसन आलं. आबांच्या साऱ्या खटाटोपातून आजवर एका माणसाच्या नावावर निघालेला तो एकच परवाना.

मसुद्यात मग नवं कलम आलं. ज्याने भोगलं पण ज्याला परवाना नको, त्याला त्याच्या पसंतीच्या धंद्यासाठी याच करातून मदत मिळावी, आणि ती कोणती हे त्यालाच विचारावं. एकोणिसावा मसुदा तो.

आता माझी बदली शिरपूरला झाली आहे. गेल्या थंडीत मी बाजार समितीच्या फाटकावरून जात होते तर आबा दिसले. डोक्याला मफलर, छातीशी आवळून धरलेली प्लास्टिकची पिशवी, आणि समोर सुरसिंगचा ट्रॅक्टर. मका उतरवून तो गावाकडे परत निघाला होता. आबांना गावात नवा मसुदा वाचून दाखवायचा होता. मी म्हटलं की तासाभराने जीप आहे, तिने जा, ट्रॅक्टरवर माणूस बसवायला परवानगी नसते. त्यांनी मला त्या नियमाचा क्रमांक सांगितला आणि सुरसिंगचा हात धरून मडगार्डवर चढून बसले. तीस वर्षं नियम सांभाळलेला माणूस. वर बसल्यावर त्यांनी चोरासारखं एकदा इकडेतिकडे बघितलं.

ट्रॅक्टर निघाला. चौकापर्यंत मी त्याच्या मागेच चालत होते. आबांनी पिशवीतून कागद काढले होते आणि ते वाऱ्यात घट्ट धरून ते सुरसिंगला काहीतरी समजावत होते, एक बोट वर करून. इंजिनाच्या आवाजात त्याला अक्षरही ऐकू जात नव्हतं, हे मला मागून दिसत होतं. तो रस्त्याकडे बघत मधूनमधून मान हलवत होता. आबांनाही ते कळत असणार. पण ते सांगत होते, आणि तो हळू, अगदी हळू चालवत होता.